हलकी कुऱ्हाड : निवड, दांडा आणि निगा

नांगर, पाभर किंवा फवारणी पंप घ्यायचा झाला, तर आपण चार दुकाने फिरतो, शेजाऱ्याला विचारतो आणि मगच पैसे मोजतो. कुऱ्हाड मात्र आठवडे बाजारात जी हाती लागेल ती, हातात तोलून आणि भाव पाडून घेतली जाते. वास्तविक घरातील जवळजवळ प्रत्येक मोठ्या माणसाचा हात या अवजाराला लागतो. सरपणाला जाणारी बाई, शेळ्यांमागे फिरणारा गुराखी, पिकाच्या राखणीला शेतावर मुक्काम करणारा शेतकरी आणि पावसाळा सरल्यावर मेंढरे घेऊन देशावरून कोकणात उतरणारे धनगर बांधव, हे सर्व जण पायी चालतात. कुऱ्हाड त्यांना दिवसभर अंगावर वागवावी लागते. खोड तोडण्याची मोठी कुऱ्हाड त्यांच्या कामाची नसते. त्यांना हवी असते ती लहान, हलकी आणि खिशाला परवडणारी कुऱ्हाड.

परंतु हलकी म्हणून घेतलेली कुऱ्हाड काही दिवसांतच बोथट होते, दांड्यात खेळू लागते आणि एखाद्या दिवशी पाते निसटून कोणाच्या तरी पायावर जाते. या अपघाताचे कारण बहुधा पात्याचे वजन हे नसते. कच्चे लोखंड, ओला दांडा आणि सैल पाचर ही त्याची कारणे असतात. म्हणून मर्यादित पैशात हलकी कुऱ्हाड घेताना पैसा कोठे घालावा आणि कोठे वाचवावा, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

काम ठरवा, मग वजन

वजन कमी म्हणजे श्रम कमी, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. समजा, दंडाएवढी जाड फांदी दीड किलोच्या कुऱ्हाडीने 10 घावांत तुटते. म्हणजे आपण एकूण 15 किलो वजन उचलले. तीच फांदी 600 ग्रॅमच्या कुऱ्हाडीने तोडायला 30 घाव लागले, तर उचललेले वजन 18 किलो झाले. शिवाय 30 वेळा नेम धरावा लागला. याउलट मनगटापेक्षा बारीक काटक्या दोन्ही कुऱ्हाडींनी एक-दोन घावांतच तुटतात. तेथे जड कुऱ्हाड उचलणे म्हणजे शक्तीचा अपव्यय होय. यासाठी प्रथम आपले नेहमीचे काम कोणते ते ठरवावे. खालील प्रमाण मार्गदर्शक म्हणून वापरावे.

1) वाळलेल्या काटक्या, मनगटापर्यंतच्या फांद्या, खुंट्या तासणे : पात्याचे वजन 400 ते 600 ग्रॅम, दांडा 30 ते 40 सें.मी.

2) चाऱ्यासाठी फांद्या छाटणे, कुंपणाचे डांब तासणे, सुमारे 10 सें.मी. जाडीपर्यंतचे लाकूड : पात्याचे वजन 700 ते 900 ग्रॅम, दांडा 45 ते 55 सें.मी.

3) खोड तोडणे, ओंडके फोडणे : पात्याचे वजन दीड ते दोन किलो, दांडा 75 ते 90 सें.मी. ही कुऱ्हाड घरीच ठेवावी. रानात वागवण्यासाठी ती नव्हे.

रोज पायी फिरणाऱ्याला पहिला किंवा दुसरा प्रकार पुरेसा होतो. एकच घ्यायची असल्यास 700 ग्रॅमच्या आसपासचे पाते आणि कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, म्हणजे एक हात लांबीचा दांडा घ्यावा. हे माप बहुतेकांना मानवते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ज्यांचे काम केवळ झुडपे, वेली आणि बोटाएवढ्या फांद्या तोडण्याचे आहे, त्यांनी कुऱ्हाड घेऊच नये. त्यांना कोयता अधिक उपयोगी पडतो. कोकणातील शेतकरी तो कमरेला अडकवून डोंगर चढतात, हे आपण पाहतोच. फळबागेच्या छाटणीसाठीही कुऱ्हाड वापरू नये. घावाने साल फाटते, जखम खडबडीत राहते आणि तेथून रोगाचा शिरकाव होतो. त्या कामासाठी सिकेटर आणि छाटणीची करवतच वापरावी.

पाते पारखून घ्या

कुऱ्हाडीची खरी किंमत पात्याच्या पोलादात असते. ज्या लोखंडात कर्बाचे प्रमाण पाव टक्क्यापेक्षा कमी असते, ते कितीही तापवून पाण्यात बुडवले तरी पुरेसे कठीण होत नाही. अशा नरम पट्टीपासून बनवलेली कुऱ्हाड बाजारात चकचकीत दिसते. पण वाळलेल्या बाभळीच्या गाठीवर तिची धार वळते. मालमोटारीच्या कमानीच्या पाट्यात कर्ब साधारणतः अर्धा टक्का किंवा त्याहून थोडा अधिक असतो. म्हणूनच गावचा लोहार पाट्याचे लोखंड पसंत करतो आणि त्याचे पाते टिकते. मात्र पाटा जुना असेल, तर त्यात बारीक तडे नसल्याची खात्री करून घ्यावी.

पाते घेताना पुढील पाच गोष्टी तपासाव्यात.

1) घडण : पाते ठोकून घडवलेले असावे. ओतीव लोखंडाचे पाते ठिसूळ असते आणि थंडीच्या दिवसांत कठीण गाठीवर त्याचा तुकडा उडण्याचा धोका असतो. लोखंडी नळीला पट्टी वेल्डिंगने जोडून केलेली स्वस्त पातीही घेऊ नयेत. सतत धक्के बसून तो जोडच प्रथम उकलतो.

2) आवाज : पाते दोरीला टांगून त्यावर लहान हातोडीने हलकेच टिचकी मारावी. आवाज घंटेसारखा स्वच्छ आला तर पाते अखंड समजावे. फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज आल्यास कोठे तरी तडा आहे असे समजून ते पाते बाजूला ठेवावे.

3) पाणी : पोलाद तापवून, विझवून, पुन्हा मंद तापवून त्याला योग्य कठीणपणा देणे यालाच आपण पाणी देणे म्हणतो. ते तपासण्यासाठी दुकानदाराच्या परवानगीने धारेवर बारीक कानस एकदा फिरवावी. कानस लोण्यात शिरावी तशी शिरली तर पाते नरम आहे. काचेवरून घसरावी तशी घसरली तर ते फाजील कठीण आहे आणि धारेचे कपचे उडतील. थोडा जोर लावल्यावर कानस धरते, असे पाते उत्तम.

4) नेढे : दांडा बसवण्याचे भोक म्हणजे नेढे. ते लंबगोल असावे. गोल नेढ्यात दांडा फिरतो आणि घाव तिरपा पडतो. नेढ्याच्या दोन्ही बाजूंचे लोखंड सारख्या जाडीचे असावे. एक बाजू पातळ असल्यास पाचर ठोकताना तेथेच तडकते. नेढे वरच्या तोंडाला किंचित रुंद असल्यास पाचर मारलेला दांडा तेथे फुगून घट्ट धरतो.

5) सरळपणा : पाते डोळ्यासमोर धरून धारेकडून पाहावे. धार नेढ्याच्या बरोबर मध्यावर आली पाहिजे. ती एका बाजूला झुकलेली असल्यास पाते घेऊ नये. हा दोष घरी दुरुस्त होत नाही.

रंग, पॉलिश आणि वेष्टन यांवर जाऊ नये. दाट रंगाखाली तडा किंवा वेल्डिंगचा जोड सहज झाकला जातो.

खर्चाचा हिशेब

पैसे कमी असतील तर ते पात्यात घालावेत आणि दांडा घरी करावा. दुकानात किंमत विचारताना नुसत्या पात्याची आणि दांड्यासह कुऱ्हाडीची अशा दोन वेगळ्या किमती विचाराव्यात. तयार कुऱ्हाडीचा दांडा पुष्कळदा रंगवलेला, ओला आणि आडव्या रेषांचा असतो. तो वर्षभरात बदलावाच लागतो. मग त्याचे पैसे का द्यावेत?

समजा, 200 रुपयांची कुऱ्हाड दोन वर्षांत निकामी झाली, तर दहा वर्षांत पाच कुऱ्हाडी लागतील आणि 1,000 रुपये जातील. 450 रुपयांचे चांगले पाते दहा वर्षे टिकले आणि दांडा घरच्या बाभळीचा घातला, तर खर्च निम्म्याहूनही कमी होतो. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. आपल्या बाजारातील भाव घालून हाच हिशेब प्रत्येकाने करून पाहावा.

आणखी एक स्वस्त मार्ग आहे. आजोबांच्या वेळची एखादी गंजलेली कुऱ्हाड माळ्यावर किंवा भंगारात पडलेली असते. वरवरचा गंज हा दोष नव्हे. वर सांगितलेल्या आवाजाच्या आणि कानशीच्या परीक्षेत ती उतरली, नेढे फाकलेले नसले आणि धारेमागे पुरेसे पोलाद शिल्लक असले, तर नवीन घेण्याची गरज नाही. धार फार जाड झाली असल्यास लोहाराकडून ती शेवटून, म्हणजे तापवून, ठोकून पातळ करून आणि नव्याने पाणी देऊन घ्यावी. नवीन पात्याच्या मानाने हा खर्च थोडाच येतो.

दांड्याचे लाकूड

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ अशी म्हण आपल्याकडे आहे. निवड चुकल्यास तो धन्यासही काळ होतो. दांड्याचे लाकूड चिवट आणि धक्का सोसणारे असावे. धामण आणि धावडा ही या कामासाठी नावाजलेली झाडे आहेत. परंतु ती बहुधा वनातील असल्याने लाकूड परवान्याच्या वखारीतूनच घ्यावे. शेतकऱ्याला सर्वात सोयीची आपल्या बांधावरची बाभूळ. तिचे पक्के लाकूड जड, चिवट असते आणि पूर्वापार गाडीच्या व अवजारांच्या कामी वापरले जाते. सावर, पांगारा यांसारखी पोकळ व मऊ लाकडे वापरू नयेत. आंब्याचे लाकूडही या कामास योग्य नाही.

लाकूड निवडताना त्याच्या रेषा पाहाव्यात. रेषा दांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेल्या पाहिजेत. मध्येच बाजूला बाहेर पडणाऱ्या रेषेवरच दांडा मोडतो. दांड्याच्या कापलेल्या टोकावर दिसणाऱ्या वाढीच्या रेषा धारेच्या दिशेने धावाव्यात. धारेला आडव्या जाणाऱ्या नसाव्यात. गाठ, कीड किंवा फट असलेला तुकडा घेऊ नये.

ओल्या लाकडाचा दांडा कधीही बसवू नये. लाकूड वाळताना आकसते, नेढ्यात पोकळी राहते आणि पाते सैल होते. फांदी तोडल्यावर ती उभी चिरून, टोकांना रंग किंवा मेण लावून, सावलीत हवेशीर जागी किमान एक उन्हाळा वाळू द्यावी. टोके झाकल्याने ती लवकर सुकून तडकत नाहीत. एकदम दोन-तीन दांडे वाळवून ठेवल्यास ऐन कामाच्या वेळी अडचण येत नाही.

दांडा लंबगोल तासावा. लंबगोल दांडा हातात धरताच धार कोणत्या दिशेला आहे ते न पाहताही कळते. शेवटच्या टोकाला तो किंचित फुगीर ठेवावा, म्हणजे घामेजल्या हातातून निसटत नाही.

पाते बसवण्याची पद्धत

1) दांड्याचे वरचे टोक नेढ्याच्या मापाने तासावे. ते हाताने अर्धे शिरेल आणि पुढे ठोकावे लागेल, असे घट्ट असावे.

2) टोकाच्या मध्यावर, धारेच्या दिशेने करवतीने उभा काप घ्यावा. कापाची खोली नेढ्याच्या उंचीच्या अर्ध्यापेक्षा थोडी जास्त, पण दोन तृतीयांशापेक्षा कमी असावी.

3) दांडा नेढ्यात घालून कुऱ्हाड उलटी, म्हणजे पाते खाली लोंबते ठेवून हवेत धरावी आणि दांड्याच्या मोकळ्या टोकावर लाकडी मोगरीने ठोकावे. पाते आपल्या वजनाने जागीच राहते आणि दांडा नेढ्यात घट्ट शिरतो. दगडावर आपटून पाते बसवू नये.

4) धार व दांडा एका रेषेत असल्याचे पाहून वाळलेल्या कठीण लाकडाची पाचर कापात ठोकावी. नुसता खिळा ठोकून काम भागवू नये. खिळ्याने दांडा चिरतो.

5) दांड्याचे टोक नेढ्याच्या वर अर्धा सें.मी. राहू द्यावे. ते फुगून पात्याला अडसर होते.

6) शेवटी दांड्याला जवसाचे कच्चे तेल चोळावे. विदर्भात जवस पिकते, तेथे ते सहज मिळते. हे तेल हवेत सुकून लाकडात मुरते आणि पाणी आत शिरू देत नाही. शेंगदाण्याचे तेल तसे सुकत नाही. जवसाच्या तेलाचे फडके मात्र बोळा करून ठेवू नये. ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. फडके पसरून वाळवावे.

पाते सैल झाले की कुऱ्हाड रात्रभर पाण्याच्या बादलीत ठेवण्याची पद्धत सर्वत्र आहे. ती सोडून द्यावी. लाकूड पाण्याने फुगते, नेढ्यात दाबले जाऊन त्याचे तंतू चेपतात आणि वाळल्यावर पाते पूर्वीपेक्षाही सैल होते. त्या सकाळी घट्ट वाटलेली कुऱ्हाड दुपारच्या उन्हात निसटते. सैल पात्यावर उपाय दोनच : पाचर पुन्हा ठोकणे किंवा दांडा बदलणे.

मोडलेला दांडा काढण्यासाठी पाते चुलीत टाकण्याची सवयही अशीच महागात पडते. जाळात पात्याचे पाणी उतरते आणि चांगले पोलाद नरम पडते. मोडका तुकडा छिद्रे पाडून, पंचाने ठोकून काढावा.

धार

हलकी कुऱ्हाड वजनाने तोडत नाही, धारेने तोडते. म्हणून तिची धार मोठ्या कुऱ्हाडीपेक्षा अधिक चांगली ठेवावी लागते. धारेच्या दोन्ही बाजूंमधील कोन सुमारे 30 अंशाचा असावा. तो मोजण्यासाठी कागदाचा काटकोनी कोपरा घेऊन त्याच्या तीन सारख्या घड्या कराव्यात. एका घडीचा कोन 30 अंशांचा होतो. तो कात्रीने कापून धारेला लावून पाहावा.

प्रथम कानस धारेकडून मागे न ओढता एकाच दिशेने फिरवावी, नंतर निसण्यावर पाणी टाकून घासावे. बाजारातील विजेच्या चाकावर धार लावून घ्यायची असल्यास पाते दर थोड्या वेळाने पाण्यात बुडवायला सांगावे. धारेवर निळी झाक आली, की त्या जागेचे पाणी उतरले असे समजावे. कामानंतर पाते पुसून तेलाचा हात फिरवावा.

लहान कुऱ्हाडीचा धोका

लहान कुऱ्हाड निर्धोक, हा सर्वात घातक गैरसमज आहे. लांब दांड्याच्या कुऱ्हाडीचा नेम चुकला, तर पाते बहुधा पुढे जमिनीत रुतते. दांडा आखूड असला, की तोच चुकलेला घाव आपल्या गुडघ्यावर किंवा नडगीवर येतो. यासाठी पुढील काळजी घ्यावी.

1) जमिनीवरचे लाकूड तोडताना उभे राहू नये. गुडघे टेकून बसावे आणि लाकूड ओंडक्यावर ठेवूनच घाव घालावा. म्हणजे चुकलेला घाव ओंडक्यात किंवा मातीत जातो.

2) तोडायचे लाकूड दुसऱ्या हाताने घावाच्या जागी धरू नये.

3) घाव सरळ आडवा न घालता तिरपा घालावा आणि दोन्ही बाजूंनी खाच पाडावी. लाकडाच्या रेषा तिरप्या घावाने लवकर तुटतात.

4) कुऱ्हाडीच्या टप्प्यात कोणी नसल्याचे, तसेच वर वेल किंवा फांदी आडवी येत नसल्याचे पाहावे. मुलांना जवळ थांबू देऊ नये.

5) कुऱ्हाडीचा तुंबा, म्हणजे पाठीकडील जाड बाजू, लाकडी खुंटी ठोकण्यापुरतीच वापरावी. त्याने लोखंडी पहार किंवा पाचर ठोकल्यास नेढे फाकते.

6) रोज काम सुरू करण्यापूर्वी पाते हाताने हलवून पाहावे. किंचितही हलल्यास त्या दिवशी ती कुऱ्हाड वापरू नये.

7) चालताना धार उघडी ठेवू नये. जुन्या टायरचा तुकडा किंवा जाड कातडे शिवून म्यान करावे. त्याला खर्च जवळजवळ लागत नाही.

जखम झाल्यास स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून धरावे, माती किंवा हळद भरू नये, आणि त्वरित दवाखान्यात जाऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनविषयी विचारावे.

कायदा आणि गावचा नियम

भारतीय वन अधिनियम, 1927 नुसार राखीव वनात झाड तोडणे हा गुन्हा आहे. अभयारण्यात शस्त्रासह जाण्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार लेखी परवानगी लागते. धारदार अवजारावरूनही तेथे अडचण येऊ शकते. आपल्या शेतातील साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, खैर, अंजन, तिवस यांसारखी झाडे तोडण्यापूर्वी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 खाली परवानगी घ्यावी लागते. बांधावरचे कोणतेही झाड मुळापासून तोडण्यापूर्वी तलाठी किंवा वनरक्षक यांच्याकडे चौकशी करणे हिताचे.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील राळेगण सिद्धी आणि हिवरे बाजार या गावांनी कुऱ्हाडबंदी स्वीकारली, हे सर्वांना माहीत आहे. कुऱ्हाडबंदीचा रोख जिवंत झाडाच्या तोडीवर आहे. आपल्या गावात असा ठराव असल्यास वाळलेले सरपण, चाऱ्याची छाटणी याबाबत ग्रामसभेने काय ठरवले आहे ते विचारून घ्यावे आणि त्याप्रमाणे वागावे. चाऱ्यासाठी छाटणी करतानाही शेंडा राखावा आणि एका वेळी सर्व फांद्या उतरवू नयेत. पाला राहिला तरच झाड पुन्हा फुटते आणि पुढच्या वर्षी चारा देते.

सारांश, कामाप्रमाणे वजन ठरवावे, पैसा पोलादात घालावा, दांडा बांधावरच्या वाळलेल्या बाभळीचा करावा आणि रोज सकाळी पाते हलवून पाहावे. एवढे केल्यास थोड्या पैशात घेतलेली हलकी कुऱ्हाड अनेक वर्षे काम देईल आणि सरपणाला गेलेले माणूस संध्याकाळी धडधाकट घरी येईल.